चिठ्ठीची मुदत

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली म्हणजे ती रोग्याच्या मालकीची झाली, आणि ती हवी तेव्हा, हव्या त्या दुकानी, हवी तितक्या वेळा दाखवून औषध घेण्याचा त्याला अधिकार आला, अशी आपल्या समाजात सरसकट समजूत आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांपुरती ही समजूत व्यवहारात इतकी निर्वेध चालून जाते की, झोपेच्या गोळ्यांसाठी आलेल्या एखाद्या वृद्धेची चिठ्ठी जेव्हा दक्ष औषधविक्रेता उजेडात धरून पाहतो आणि ‘आजी, ही चिठ्ठी मार्चातली आहे, डॉक्टरांना एकदा दाखवून या,’ असे सांगतो, तेव्हा हा माणूस आपली विनाकारण अडवणूक करीत आहे असेच तिला वाटते. वास्तविक त्या क्षणी तो दुकानदार एक फार गंभीर प्रश्न विचारीत असतो. चिठ्ठीवर सही केली त्या दिवशी डॉक्टरांनी जी जबाबदारी पत्करली ती किती दिवस त्यांच्या माथी राहते, आणि कोणत्या दिवसापासून ती कोणाचीच राहत नाही, या त्या प्रश्नाला निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आपल्या कायद्याने दिलेले उत्तर तर त्या सर्वांहून वेगळ्या वळणाचे आहे.

ज्या औषधांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो ती नियंत्रित औषधे होत. अफूपासून निघणारी मॉर्फीन व कोडीन, प्रयोगशाळेत सिद्ध केलेली फेंटॅनिल व मेथॅडोन, चिंताशामक आणि निद्राजनक म्हणून वापरली जाणारी डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम, अवधानदोषाच्या विकारात मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट, ही त्यांतील काही परिचित नावे. यांपैकी एकही द्रव्य स्वभावतः दुष्ट नाही. योग्य हाती ती परम उपकारक आहेत. परंतु शरीराला त्यांची सवय जडते, सवयीमागोमाग हाव येते आणि हावेमागोमाग चोरबाजार येतो, हा अनुभव जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. आपल्यालाही तो नवा नाही. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातूनच चीनकडे जात असे. गिरणीत कामाला जाणाऱ्या मुंबईच्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी चारून, निजवून मगच घराबाहेर पडत, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सरकारी चौकशांत नमूद झालेली आहे. त्या मातांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोटासाठी बारा-बारा तास राबणाऱ्या स्त्रीला दुसरा उपाय कोणी दाखविला नव्हता.

१९१२ साली हेग येथे अफूविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९३० साली हिंदुस्थान सरकारने धोकादायक द्रव्यांचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याच वर्षी बाजारातील औषधांच्या शुद्धाशुद्धतेची चौकशी करण्यासाठी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालातून पुढे १९४०चा औषधांचा कायदा आणि १९४५ची नियमावली जन्मास आली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने १९६१चा अमली द्रव्यांविषयीचा एकत्रित करार आणि १९७१चा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा करार असे दोन मोठे करार झाले व दोहोंतही भारत सामील झाला. पैकी १९७१च्या कराराचे नववे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने मर्माचे आहे. चिठ्ठीवर औषध किती वेळा द्यावे आणि ती चिठ्ठी किती काळ ग्राह्य धरावी, या दोन्ही बाबींचे नियमन लोकांच्या आरोग्याच्या रक्षणार्थ प्रत्येक राष्ट्राने करावे, अशी अपेक्षा त्यात नमूद आहे. किती वेळा आणि किती काळ, या दोन गोष्टी वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. पुढचे सारे विवेचन त्यांच्याभोवती आहे.

मुदतीचा हा आग्रह कागदी शिस्तीसाठी धरला जातो असा समज करून घेणे चुकीचे होईल, कारण त्याची मुळे शरीरव्यापारात आहेत. मॉर्फीनसारखे औषध काही आठवडे नियमित घेतले म्हणजे शरीर त्याला सरावते आणि आरंभी जी मात्रा झेपली नसती ती सहज पेलू लागते. औषध थांबले की हा सराव, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने, ओसरू लागतो. आता असे समजा की, एखाद्या रुग्णाची मात्रा डॉक्टरांनी सावकाश वाढवीत नेली, मध्यंतरी शस्त्रक्रियेने वेदना शमल्यामुळे औषध बंद झाले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा कळ उठल्यावर घरच्या मंडळींनी कपाटातील जुनी चिठ्ठी काढून तीच मात्रा आणून दिली. चिठ्ठीतील अक्षर न् अक्षर पूर्वीचेच असते. शरीर मात्र पूर्वीचे राहिलेले नसते, आणि ज्या मात्रेने त्याला पूर्वी सुखाची झोप लागत होती तीच मात्रा आता त्याचा श्वास मंदावून प्राण घेऊ शकते. मूत्रपिंडे अधू झाली असतील तर धोका आणखी वाढतो, कारण मॉर्फीनच्या विघटनातून उरणारी क्रियाशील द्रव्ये त्यांच्याच वाटे बाहेर पडावयाची असतात. याच्या उलट टोकाचा धोका अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांत आहे: महिनोन्महिने घेतलेली गोळी एकाएकी बंद केली तर फेपरे येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणजे जुन्या चिठ्ठीवर औषध देत राहणे घातक आणि केवळ चिठ्ठी जुनी झाली म्हणून ते तोडून टाकणेही घातक. दोन्ही संकटांतून वाट एकच आहे, ती म्हणजे ठरावीक काळाने वैद्याने रुग्णाला पुन्हा समक्ष पाहणे. आणि चिठ्ठीच्या मुदतीचे खरे प्रयोजन हे पुनर्दर्शन घडवून आणणे हेच आहे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९४५च्या औषध नियमावलीतील पासष्टावा नियम हा औषधविक्रेत्याचा रोजचा धर्मग्रंथ म्हणावा इतका त्याच्या व्यवसायाशी निगडित आहे. चिठ्ठी लेखी असावी, तीवर लिहिणाऱ्याची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, औषध जनावरासाठी असेल तर मालकाचे नाव व पत्ता असावा, आणि द्यावयाच्या औषधाचे एकूण प्रमाण व घ्यावयाची मात्रा स्पष्ट नमूद असावी, इतक्या गोष्टी तो मागतो. त्यानंतरची तरतूद अशी की, पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी स्वतः लिहिले नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे. किती वेळा किंवा किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल तर त्याबाहेर जावयाचे नाही. आणि प्रत्येक वेळी औषध देताना डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूस दुकानाचे नाव, पत्ता व तारीख यांची नोंद करावयाची. जुन्या सराफी पेढ्यांवर रुपये चुकते झालेली हुंडी ज्याप्रमाणे ‘खोका’ होऊन दप्तरी पडे आणि तीवर दुसऱ्यांदा दमडीही मिळत नसे, त्याप्रमाणे शिक्का बसलेली चिठ्ठी कायद्याच्या दृष्टीने संपलेली असते. मात्र हुंडीला दर्शनी की मुदती हा भेद असे आणि मुदतीचे दिवस तिच्या मजकुरातच असत. आपल्या पासष्टाव्या नियमात दिवसांची संख्या नाही. ‘किती वेळा’ याचे उत्तर त्याने चोख दिले आहे, ‘किती काळ’ याबाबत तो मौन धरून आहे.

हे मौन भरून काढण्याचा प्रयत्न नियमावलीने नोंदवह्यांच्या द्वारा केला आहे. ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘शेड्यूल एच-वन’मध्ये काही प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे यांच्या जोडीने अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडॉल ही सवय लावणारी औषधे आली. यांची विक्री ज्या वेळी होईल त्याच वेळी स्वतंत्र वहीत चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेला नग, अशी नोंद करून ती वही तीन वर्षे जतन करावी लागते. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक तपासणीस आला की प्रथम हीच वही मागतो. त्याहून कडक बंदोबस्त ‘शेड्यूल एक्स’चा आहे: मिथाइलफेनिडेट, केटामीन आणि बार्बिट्युरेट वर्गातील काही औषधे त्यात मोडतात. त्यांच्यासाठी निराळा परवाना लागतो, माल कुलूपबंद कपाटात ठेवावा लागतो, आणि चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते, ज्यांतील एक प्रत दुकानदार दोन वर्षे आपल्या दप्तरी ठेवतो. वाचकाने आपल्या घरातील गोळ्यांची पट्टी एकदा निरखून पाहावी. डाव्या कोपऱ्यात तांबडे ‘आरएक्स’ असेल तर ते चिठ्ठीवाचून न मिळणारे औषध. त्याच्या आधी ‘एन’ असेल तर ते अमली द्रव्यांच्या १९८५च्या कायद्याखाली येणारे. आणि ‘एक्स’ असेल तर ते या कुलूपबंद कपाटातले. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, त्यांतही ‘शेड्यूल एक्स’मधील आणि अमली द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे दूरध्वनीवरून किंवा पडद्यावर रुग्णाला पाहून लिहून देण्यास मनाई ठेवली आहे.

अमली द्रव्यांच्या १९८५च्या नियमांत आणखी एक बंधन आहे, ज्याची वार्ता सामान्य गृहस्थाला बहुधा नसते. मनोव्यापारांवर परिणाम करणारे औषध स्वतःच्या उपचारासाठी एखादा इसम एका वेळी शंभर मात्रांपर्यंत जवळ बाळगू शकतो. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरांनी विशेषत्वाने लिहून दिले असेल तर ही मर्यादा तीनशेपर्यंत जाते. दिवसाला एक गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत शंभर मात्रा म्हणजे सव्वातीन महिने झाले. मुदतीचा उच्चार न करता साठ्याच्या वाटेने काळावर घातलेली ही अप्रत्यक्ष मर्यादाच होय.

इंग्लंडने मात्र काळाला थेट हात घातला, आणि त्यामागे एक भयंकर इतिहास आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड या गावी हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. १९७६ साली पेथिडीन मिळविण्यासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल त्याला दंड झाला होता, तरीही त्याचा व्यवसाय करण्याचा परवाना शाबूत राहिला. गावात तो प्रेमळ, घरी येऊन पाहणारा डॉक्टर म्हणून लौकिक मिळवून होता. जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, आणि न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत मृतांची संख्या सुमारे २१५ असल्याचे निष्पन्न झाले. त्यांत वृद्ध स्त्रियांचा भरणा होता. शस्त्र होते डायमॉर्फीन, आणि ते त्याने राजरोस मिळविले होते: रुग्णांच्या नावांवर चिठ्ठ्या लिहून स्वतःच औषध उचलावयाचे, कधी तीस-तीस मिलिग्रॅमची एकेक कुपी शेजारच्या औषधालयातून आणावयाची, आणि कर्करोगाने दगावलेल्यांच्या घरी उरलेला साठा ‘मी नष्ट करतो’ म्हणून घेऊन जावयाचे. प्रत्येक कागद आपापल्या जागी नियमाला धरून दिसत होता. सगळे कागद एकत्र ठेवून पाहणारे कोणीच नव्हते.

स्मिथ यांचा २००४ सालचा चौथा अहवाल संपूर्णतः नियंत्रित औषधांच्या व्यवस्थेला वाहिलेला आहे, आणि त्याच्या शिफारशींवरून जुलै २००६ मध्ये नियम बदलले. तोवर अशा चिठ्ठ्या तेरा आठवडे चालत. आता दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्गातील औषधांची चिठ्ठी अठ्ठावीस दिवसांत वटवावी लागते आणि एका वेळी तीस दिवसांहून अधिक औषध लिहू नये असा जोरदार सल्ला डॉक्टरांना दिला जातो. अमुक तारखेपूर्वी देऊ नये असे डॉक्टरांनी लिहिले असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजतात. केवळ मुदत तोकडी केल्याने शिपमनसारखा नराधम थांबला असता असे मला वाटत नाही. पण सही झालेली आणि न वापरलेली चिठ्ठी तीन महिने घरोघर पडून राहणे हे एक मोकळे दार होते, आणि ते लावून घेण्यात इंग्रजांनी शहाणपणा दाखविला.

अमेरिकेत १९७०च्या कायद्यानुसार तिसऱ्या व चौथ्या वर्गातील औषधांची चिठ्ठी लिहिल्यापासून सहा महिनेच चालते आणि त्या अवधीत औषध फार तर पाच वेळा पुन्हा देता येते. ऑक्सिकोडोन किंवा मिथाइलफेनिडेट यांसारख्या दुसऱ्या वर्गातील औषधांची चिठ्ठी एकदाच चालते. तिची मुदत केंद्रीय कायद्याने ठरविलेली नाही, ती राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोपविलेली आहे. जर्मनीत अशा औषधांसाठी बॉन येथील सरकारी कार्यालयाकडून मिळणारा तीन भागांचा क्रमांकित नमुना डॉक्टरांना वापरावा लागतो आणि सात दिवसांहून जुन्या चिठ्ठीवर औषध देता येत नाही. जपानात कोणत्याही औषधाची चिठ्ठी लिहिल्याच्या दिवसासह चार दिवसच ग्राह्य असते. या सर्वांत फ्रान्सचा नियम मला सर्वांत समंजस वाटतो. तेथे अमली औषधाची चिठ्ठी तीन दिवसांत दाखविली तर पूर्ण औषध मिळते. त्यानंतर दाखविली तर ती रद्दबातल होत नाही, मात्र जितके दिवस उलटून गेले तितक्या दिवसांच्या मात्रा वजा करून उरलेल्या काळापुरतेच औषध मिळते. रोग्याची वेदना आणि समाजाची सुरक्षितता या दोहोंची कदर त्या नियमात आहे.

ही कदर करावयास आपण पुष्कळ काळ चुकलो. १९८५चा अमली द्रव्यांविषयीचा कायदा इतका कठोर होता, त्यातील दहा-दहा वर्षांच्या सक्तमजुरीची दहशत इतकी होती, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवितात आणि जो देश ती परदेशांना कायदेशीरपणे विकतो, त्याच देशात कर्करोगाचे रोगी मॉर्फीनच्या साध्या गोळीवाचून तळमळत प्राण सोडीत होते. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे असत. निरनिराळ्या खात्यांचे चार-चार, पाच-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत, आणि शेवटचा परवाना हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत सरलेली असे. कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशामक उपचारांची संस्था उभी करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी या अव्यवस्थेविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली, साऱ्या देशाला एकच नियम लागू झाला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना राज्याच्या औषध नियंत्रकाकडे अर्ज केला की पुरे, अशी व्यवस्था झाली. तरीही जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाला मॉर्फीनसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते, ही स्थिती पुष्कळ ठिकाणी कायम आहे. असा रुग्ण दर महिन्याला नवी चिठ्ठी कशी आणणार, याचा विचार न करता मुदतीचा आकडा ठरविणे निर्दयपणाचे होईल. अमेरिकेच्या नियमांत मरणोन्मुख रुग्णाची चिठ्ठी थोडेथोडे औषध देत साठ दिवसांपर्यंत वापरण्याची मुभा आहे. तसा अपवाद आपल्याकडेही असावा.

माझे मत स्पष्ट आहे. पासष्टाव्या नियमात दिवसांची संख्या घातली पाहिजे: सवय लावणाऱ्या औषधांच्या पहिल्या विक्रीसाठी अठ्ठावीस दिवस, आणि पुढील विक्री किती महिन्यांत संपली पाहिजे याची एक निश्चित हद्द. आज ही संख्या नसल्यामुळे दक्ष दुकानदार स्वतःच्या अकलेने एक मुदत ठरवितो आणि गिऱ्हाइकाचा रोष पत्करतो, बेफिकीर दुकानदार शिक्क्याचीही तसदी घेत नाही, आणि मालेगावच्या गल्ल्यांत अल्प्राझोलामच्या पट्ट्या ‘कुत्ता गोळी’ या नावाने तरुण मुलांच्या हाती पडतात. कायद्याने आकडा दिला तर प्रामाणिक विक्रेत्याला बोट ठेवावयास आधार मिळेल.

तोवर वाचकाने आपल्यापुरते एवढे करावे. डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वी चिठ्ठी वाचून पाहावी: तारीख घातली आहे का, एकूण किती गोळ्या द्यावयाच्या ते लिहिले आहे का, आणि औषध पुढेही चालू ठेवावयाचे असेल तर ते किती वेळा व किती अंतराने द्यावे हे नमूद आहे का. नसेल तर तेथल्या तेथे लिहून मागावे. औषध घेताना शिक्का व तारीख चिठ्ठीवर पडली की नाही हे पाहावे. परदेशी जाणाऱ्याने मूळ चिठ्ठी व डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे आणि त्या देशाच्या वकिलातीकडे आगाऊ चौकशी करावी. ट्रामाडॉल व कोडीन यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत, आणि अमेरिकेतील औषधालयात आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नियंत्रित औषध मिळत नाही. घरातील जुन्या चिठ्ठीवर उरलेले असे औषध शेजाऱ्याला, नातेवाइकाला, अगदी पोटच्या मुलालाही देऊ नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.